२६ जुलैची तयारी: तालुक्यातल्या माजी सैनिक संघटनांसाठी

कारगिल विजय दिवस भर पावसाळ्यात येतो, तेव्हा जूनच्या अखेरीसच कामाला लागा. मंडप, स्पीकर, हार दोन दिवसांत उभे राहतात. नावांची यादी दोन दिवसांत होत नाही, म्हणून पहिलं काम तेच. तालुक्यातल्या प्रत्येक हुतात्म्याचा सेवा क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, पलटण आणि वीरगतीची तारीख एका वहीत उतरवा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या नोंदीशी ताडून पाहा. मग तीच वही घेऊन त्या घरी जा. एका वर्षी आम्ही एका हवालदाराला नाईक म्हणून पुकारलं. वडील कार्यक्रमभर गप्प बसले आणि जाताना ‘पोराला बढती मिळाली होती’ एवढंच म्हणाले. तेव्हापासून घरच्यांनी वाचून होकार दिल्याशिवाय आम्ही यादी छापायला देत नाही.

दिवस १९९९ च्या लढाईचा असला तरी यादी तेवढ्यापुरती ठेवू नका. १९६२, १९६५ आणि १९७१ ची युद्धं, श्रीलंकेत गेलेली शांतिसेना, काश्मीरमधल्या चकमकी, सगळं त्यात येऊ द्या. सियाचीनला हिमस्खलनात गेलेला जवानही याच यादीतला. जुन्या युद्धांतल्या काही जवानांच्या घरी आता कुणी उरलेलं नसतं. त्यांचं नाव संघटनेतल्या कुणीतरी आपल्याकडे घ्यावं आणि त्या दिवशी त्यांच्या वतीने फूल वाहावं.

वीरनारी (हुतात्म्याची पत्नी), वीरमाता, वीरपिता यांना निमंत्रण द्यायला दोघांनी घरी जावं. नुसत्या मोबाईलवरच्या निरोपावर भागवू नये. लावणीचे दिवस असतात, त्यामुळे वेळ त्यांना विचारूनच ठरवा. आणण्या-पोहोचवण्याची गाडी नक्की करा. पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांवर त्यांची नावं आदल्या रात्रीच चिकटवा, नाहीतर पुढाऱ्यांबरोबर आलेली माणसं तिथे बसतात आणि मग उठवायचं कुणी? मंचावर यायचं की नाही, बोलायचं की नाही, हेही त्यांनाच विचारा. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. स्वागताला कुंकू लावणार असाल तर वीरपत्नीपाशी तबक आखडतं घेऊ नका. ‘लावू का ताई?’ असं विचारा आणि त्या म्हणतील तसं करा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. सैनिकांच्या संघटनेने या बाबतीत मागे पडू नये.

स्मारकाच्या चौथऱ्यावर जुलैत शेवाळ धरतं. आठवडाभर आधी घासून काढा, पायऱ्यांवर काथ्याची पायपुसणी टाका, पुसट झालेली अक्षरं रंगवून घ्या. नवा फलक असेल तर तो झाकायला साधं कापड घ्या. पुतळा किंवा स्मारक राष्ट्रध्वजाने झाकायला ध्वजसंहितेत मनाई आहे. ध्वज फाटका, मळका नको, आणि दोरी ओली करून एकदा ओढून पाहा.

पदकं आधीच काढून पुसून ठेवा. माजी सैनिकाने स्वतःची पदकं डाव्या छातीवर लावायची. हुतात्म्याची पदकं घरच्यांनी लावली तर उजव्या. हे त्यांना आधी सांगा, ऐनवेळी पिन काढून बदलायला लावू नका.

मानवंदनेचा क्रम सगळ्यांना पाठ हवा: पुष्पचक्र, बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ची धून, दोन मिनिटं मौन, मग ‘राऊज’ ही दुसरी धून. पहिलं पुष्पचक्र वीरमातेचं किंवा वीरपत्नीचं, पाहुण्यांचं नंतर. बिगुल वाजवणारा मिळाला नाही तर रेकॉर्डिंग चालेल, पण ते आदल्या दिवशी त्याच स्पीकरवर वाजवून पाहा. मौनाची दोन मिनिटं घड्याळावर मोजायला एक माणूस नेमा. शेवटचं राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं, ते पूर्ण होऊ द्या. भाषणं दोन पुरेत. त्यांतलं एक लढाईवर गेलेल्या माणसाचं असावं, आणि पुढे शाळेची मुलं बसलेली असतील तर त्याने त्यांच्याशी बोलावं.

मंडपाच्या कडेला एक टेबल मांडा आणि लिखापढी जाणणारे दोघं तिथे बसवा. एवढी कुटुंबं एका जागी पुन्हा जमत नाहीत. कुणाचं कुटुंब निवृत्तिवेतन अडलेलं असतं, कुणाला ‘स्पर्श’ या सैनिकी निवृत्तिवेतनाच्या संकेतस्थळावर हयातीचा दाखला भरता येत नाही, कुणाला घरपट्टीतली सवलत ठाऊकच नसते. प्रत्येक अर्जाला तारीख टाका आणि पाठपुरावा कोण करणार त्याचं नाव समोर लिहा. आमच्याकडे या टेबलावरची गर्दी मंचापुढच्या गर्दीइतकी होते.

कार्यक्रम संपला की आधी वृद्धांना घरी पोहोचवा, मग जेवा. ध्वज सन्मानाने उतरवून, वाळवून घडी करा. ओले हार दुसऱ्या दिवशी सकाळी काढायचे. ते काम कुणाचं, हे आधीच ठरवा.