पार्टनरशी वाजलंय? निदान या चुका तरी करू नका

भोसरीत आमचा फॅब्रिकेशनचा वर्कशॉप होता, मी आणि माझा कॉलेजचा मित्र, नऊ वर्षं एका डब्यात जेवलो आणि दहाव्या वर्षी एका शनिवारी रात्री मी जाऊन शटरचं कुलूप बदललं. डोक्यात एवढंच की हा गल्ल्यातून पैसे उचलतोय, मग आता बस बाहेर. सोमवारी वकिलांकडे गेलो तर पहिला प्रश्न, डीडमध्ये, म्हणजे भागीदारीच्या करारात, पार्टनरला काढायचं कलम आहे का? नव्हतं. भागीदारी कायदा १९३२, कलम ३३, डीडमध्ये तसा अधिकार लिहिलेला असेल आणि तो चांगल्या हेतूने वापरला असेल तरच बहुमताने पार्टनर काढता येतो, आणि दोघांत कसलं आलंय बहुमत. म्हणजे तक्रार माझी खरी, पण मनाई हुकूम घेऊन आला तो.

तुम्हीही कुलूप घालून बसला असाल तर किल्ली परत द्या, पत्रासोबत, पोच घेऊन, आणि त्याच दिवशी दोघांसमोर स्टॉकची यादी करून सह्या घ्या. मी हे केलं पण तीन आठवडे उशिरा, तोवर कोणती प्लेट कधी गेली यावरच निम्मं भांडण.

कुलपाऐवजी करायचं होतं ते साधं होतं. हिशोबाची पुस्तकं बघायचा आणि त्यांची कॉपी घ्यायचा हक्क प्रत्येक पार्टनरला कलम १२ नेच आहे, तेव्हा बोलणं चालू असतानाच टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप आणि बँक स्टेटमेंट काढून ठेवा, आणि बँकेला लेखी कळवा की वाद आहे, यापुढे दोघांच्या सहीशिवाय पैसे सोडू नका. खात्यातली अर्धी रक्कम "माझा हिस्सा" म्हणून स्वतःकडे वळवू नका हो! फर्म मोडताना आधी बाहेरची देणी, मग पार्टनरने कर्जाऊ दिलेले पैसे, मग भांडवल, आणि त्यातून उरलं तर वाटणी. तोपर्यंत तुमचा अर्धा असा काही नसतोच.

"मी जास्त राबलो" हे तर विसराच. डीडमध्ये काही नसेल तर पगार नाही आणि नफा सारखा वाटायचा, भांडवल कुणाचं कितीही असो. भांडवलापेक्षा जास्त पैसे घातले असतील तर त्यावर ६ टक्के व्याज, बस. मी यावर आठ महिने घालवले.

पोलीस स्टेशन. सगळ्यांनाच आधी तिथे जायचं असतं. पण १९६५ सालीच महाराष्ट्रातून गेलेल्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पार्टनरने फर्मचे पैसे वापरले एवढ्यावरून विश्वासघाताचा गुन्हा होत नाही, ते पैसे त्याच्यावर सोपवल्याचा खास करार दाखवावा लागतो. खोट्या सह्या, बोगस बिलं असतील तर गोष्ट वेगळी.

फर्म रजिस्टर नसेल तर कलम ६९ आडवं येतं, डीडमधला हक्क मागायला पार्टनरवर दावा लावता येत नाही. आपल्याकडे तर १९८४ च्या दुरुस्तीने फर्म मोडून हिशोब मागायचा दावासुद्धा बंद केला होता, तो २००९ साली सुप्रीम कोर्टाने मोकळा केला. जुने लोक अजून सांगतात की अनरजिस्टर्ड म्हणजे संपलं, तसं नाहीये. आणि दावा लावायच्या आधी रजिस्ट्रेशन करून घेता येतं.

रागात "आजपासून पार्टनरशिप संपली" असं लिहून पाठवायच्या आधी डीड वाचा. मुदत ठरलेली नसेल तर लेखी नोटिशीने फर्म मोडते, आणि मोडल्यापासून ३ वर्षांत हिशोबाचा दावा लावावा लागतो. आपण समेटाच्या बैठका घेत बसतो आणि मुदत निघून जाते.

डीडमध्ये लवाद, म्हणजे कोर्टाऐवजी नेमलेल्या तिऱ्हाइताने निकाल द्यायची अट, असेल आणि समन्स तुम्हाला आलं असेल तर मूळ वादावर पहिलं म्हणणं द्यायच्या आधी किंवा फार तर त्याच वेळी लवादाचा अर्ज द्या, नंतर तो हक्क जातो. लवाद नसेल आणि वाद ३ लाख किंवा जास्तीचा असेल तर तो कमर्शियल कोर्टात जातो, तिथे तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची, ती टाळली म्हणून दावे फेटाळले जातात.

शेवटची चूक मीच केली. स्टॅम्प पेपरवर निवृत्तीचा करार केला, चहा प्यायलो, घरी आलो. जाहीर नोटीस राहिली, म्हणजे रजिस्ट्रारला कळवणं, सरकारी राजपत्र आणि एक मराठी पेपर. ती होईपर्यंत बाहेरच्यांसाठी तुम्ही पार्टनरच. आणि बँकेची पर्सनल गॅरंटी नोटिशीनेसुद्धा सुटत नाही, बँकेकडून वेगळं लेखी घ्यावं लागतं. मला चौदा महिन्यांनी रिकव्हरीवाल्यांचा फोन आला, कारण सीसी लिमिटवर, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर, सही माझीपण होती.