परीक्षेच्या तोंडावर फुलणारे मुरूम: काय करावं, काय टाळावं

सदाशिव पेठेतल्या आमच्या रूमच्या बाथरूममध्ये एकच आरसा होता, तोही कोपऱ्यात तडकलेला. स्पर्धा परीक्षेच्या पूर्वपरीक्षेला बारा दिवस उरले असताना त्यात मला एक विचित्र गोष्ट दिसली. माझे सगळे मुरूम डाव्या बाजूला होते. डावा गाल, हनुवटीची डावी बाजू, जबड्याची डावी कड. उजवा गाल जवळपास स्वच्छ. आता टेन्शन काय अर्ध्याच चेहऱ्याला येतं?

उत्तर अभ्यासिकेत मिळालं. उजव्या हातात पेन, डावा हात जबड्याला टेकवलेला. एखादा प्रश्न अडला की डाव्या हाताची बोटं गालावर फिरायला लागायची, जरा खडबडीत जागा सापडली की नख तिथेच अडकायचं. तासन्‌तास. मला पत्ताच नसायचा. समोर बसणाऱ्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा आधी मी तिच्यावरच वैतागले.

टेन्शनने मुरूम वाढतात हे खरंच आहे. पण ते चेहऱ्यापर्यंत दोन वाटांनी येतं: एक रक्तातून, दुसरी बोटांतून. पहिली वाट पूर्ण बंद करणं आपल्या हातात नाही. दुसरी आहे.

आत नेमकं काय होतं

मुरूम तयार होतो तो केसाच्या मुळाशी. तिथल्या तेलग्रंथीतून जास्त तेल सुटतं, मृत पेशींनी छिद्राचं तोंड बुजतं, सगळ्यांच्याच त्वचेवर राहणारे क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू आत वाढतात आणि शरीर त्या जागी सूज आणतं. याचं मूळ वयात येताना बदलणारी हॉर्मोन्स आणि आनुवंशिकता यांत असतं. टेन्शन मागाहून येतं आणि पेटलेल्या चुलीत फुंकर घालतं.

ती फुंकर अशी. ताण आला की मेंदूतून सीआरएच हे हॉर्मोन सुटतं आणि त्याच्या साखळीतून शेवटी कॉर्टिसॉल हे ताणाचं हॉर्मोन वाढतं. गंमत म्हणजे तेलग्रंथीच्या पेशींवरही सीआरएच ओळखणारे रिसेप्टर असतात, म्हणजे मेंदूतली धावपळ त्यांना थेट ऐकू जाते. शिवाय त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांतून सूज वाढवणारी रसायनं सुटतात.

परीक्षा आणि मुरूम यांचा संबंध मोजूनही पाहिलेला आहे. स्टॅनफर्डमध्ये २२ विद्यार्थ्यांचे चेहरे परीक्षेच्या काळात आणि एरवी तपासले. ताण जितका वाढला तितके मुरूमही चिघळले, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं. २००७ चा सिंगापूरचा अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. तिथे ९४ शाळकरी मुलं होती. परीक्षेच्या दिवसांत त्यांचे मुरूम वाढले, पण चेहऱ्यावरचं तेल मोजलं तर त्यात म्हणावा असा फरक नव्हता. म्हणजे टेन्शनच्या दिवसांत दहा वेळा फेसवॉश लावून तेल खरवडण्यात फारसा अर्थ नाही. भडकलेली असते ती सूज.

आणखी एक. ताणात जखमा उशिरा भरतात. १९९८ च्या एका प्रयोगात दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूला मुद्दाम छोटी जखम केली, एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेआधी. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला. आता फोडलेला मुरूम म्हणजे जखमच. ज्या दिवसांत आपण सर्वांत जास्त फोडतो, त्याच दिवसांत तो सर्वांत सावकाश भरतो.

आधी चौदा दिवसांची वही

कुठलंही क्रीम आणण्याआधी वहीच्या मागच्या पानावर रोज रात्री एक ओळ लिहा: किती तास झोपले, नवे मुरूम किती आणि कुठे, पाळीची तारीख, आणि आज चेहऱ्याला काय काय लागलं. दोन आठवड्यांत नक्षी दिसायला लागते.

लक्षात ठेवा, आज दिसणाऱ्या मुरमाची तयारी आत कित्येक आठवडे चाललेली असते. तेव्हा कालच्या वडापाववर खापर फोडू नका.

ही वही दुसरंही काम करते. टेन्शनच्या नावावर भलतंच काही खपत असेल तर ते पकडते. कपाळावर केसांच्या कडेने बारीक पुरळ असेल तर संशय डोक्याला थापलेल्या तेलावर घ्या. हनुवटीच्या खाली, जबड्याच्या रेषेत असेल तर हेल्मेटचा पट्टा आणि तोंडाला घट्ट गुंडाळलेला स्कार्फ आठवा. पुण्यात गाडीवर स्कार्फ बांधल्याशिवाय मुली बाहेर पडत नाहीत, पण तो स्कार्फ धुतला जातो कधी, हे स्वतःला विचारून बघा. कपाळ, छाती, पाठ इथे एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या पुटकुळ्या असतील तर ते मुरूम नसून बुरशीचा त्रासही असू शकतो. घामट हवेत हा नेहमीचा पाहुणा आहे, आणि त्यावर मुरमांची औषधं चालत नाहीत. पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस आणि सोबत हट्टी मुरूम असं असेल तर पीसीओएसची (अंडाशय आणि हॉर्मोन्सच्या बिघाडाची) तपासणी करून घ्या. या सगळ्याला टेन्शन हे एकच नाव देऊन बसलो की वर्ष निघून जातं.

हात आवरा

हे काम सोपं वाटतं, पण मला सगळ्यात जास्त दिवस लागले ते इथेच. ‘हात लावू नकोस’ असं स्वतःला बजावून काही होत नाही, कारण हात वर जातो तेव्हा आपण तिथे नसतोच, आपण राज्यघटनेच्या कलमांत असतो.

मी आधी नुसतं मोजलं. हात चेहऱ्याला लागला हे ध्यानात आलं की कागदावर एक रेघ. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत एकतीस रेघा. मग हाताला दुसरं काम दिलं. बोटं वर निघाली की मूठ वळायची आणि मिनिटभर तशीच धरायची. नाहीतर डाव्या हातात पेनाचं टोपण ठेवायचं. कोपर टेबलावर टेकवलं की हात आपोआप जबड्याकडे जातो, म्हणून खुर्ची थोडी मागे घेतली. नखं दर तीन दिवसांनी कापली.

आरशाचंही तेच. रात्री अकराला, दिवसभराचा अभ्यास वाईट झाल्यावर, दिव्याखाली नाक आरशाला टेकवून उभं राहिलं की हात थांबत नाहीत. आरशापासून हातभर लांब उभं राहून तोंड धुवा आणि बाहेर या.

पांढरं तोंड आलेल्या मुरमावर लावायच्या पारदर्शक चिकटपट्ट्या हल्ली केमिस्टकडे ‘पिंपल पॅच’ म्हणून मिळतात. आतला ओलावा त्या थोडाफार शोषतात, पण त्यांचा खरा उपयोग म्हणजे बोटाला मुरूम सापडतच नाही. आत खोल ठणकणारी गाठ असेल तर बर्फ रुमालात गुंडाळून पाच-दहा मिनिटं धरा. दाबून ती बाहेर येत नाही, उलट आतच फुटते आणि मग डाग महिनोन्‌महिने राहतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर मुरमापेक्षा त्याचा काळा डागच जास्त दिवस मुक्कामाला असतो.

चेहऱ्याला काय लावावं

कमीत कमी. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश, साधा जेलसारखा मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. मॉइश्चरायझरने तेल वाढेल या भीतीने तो टाळला तर त्वचा कोरडी पडते आणि मग कुठलंच औषध सोसत नाही.

औषधांत सुरुवात साधारण दोन गोष्टींपासून होते. बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के घ्या. जास्त टक्क्यांनी गुण फारसा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. त्याने उशीचा अभ्रा आणि टॉवेल यांचे रंग उडतात, तेव्हा रूम पार्टनरचा टॉवेल वापरू नका. दुसरं ॲडापलिन ०.१ टक्का. हे डॉक्टरांना विचारून, रात्री, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, वाटाण्याएवढं घेऊन सगळ्या चेहऱ्याला पातळ लावायचं, नुसतं मुरमावर ठिपका द्यायचा नाही. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ते टाळा. पहिले काही आठवडे कातडी सोलते, कधी मुरूम वाढल्यासारखेही वाटतात. खरा गुण आठ ते बारा आठवड्यांनी दिसतो. म्हणूनच परीक्षेच्या आठवडाभर आधी नवं औषध सुरू करू नये. सुरू करायचं तर अर्ज भरला त्या दिवशी.

लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा चेहऱ्याला लावू नका. हळद-चंदनाचा लेप सोसत असेल तर आजीचं मन राखायला रविवारी लावा, त्यावर भिस्त ठेवू नका.

आणि एक गोष्ट जरा आवाज चढवून सांगते. ‘आठ दिवसांत चेहरा साफ’ म्हणून मैत्रिणीने दिलेली ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. पहिले काही दिवस चेहरा गुळगुळीत होतो, उजळतोसुद्धा. मग पातळ पडलेली कातडी, लाल शिरा, आणि क्रीम थांबवलं की पूर्वीपेक्षा जास्त मुरूम. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ट्यूब हातोहात फिरतच राहतात.

चहा, मेस आणि झोप

तेलकट खाल्लं म्हणून चेहरा तेलकट होतो, याला फारसा आधार नाही. साखर आणि मैदा यांच्याविरुद्धचा पुरावा जास्त भक्कम आहे, कारण रक्तातली साखर झपकन चढली की इन्शुलिन वाढतं आणि त्याच्या पाठोपाठ तेलग्रंथीही जाग्या होतात. काही जणांना दुधाने आणि जिममधल्या व्हे प्रोटीननेही त्रास होतो. आता अभ्यासिकेतला दिवस आठवा: सकाळी अमृततुल्यचा चहा-क्रीमरोल, अकराला चहा, चारला चहा-बिस्किट, रात्री दहाला ‘जागायचंय’ म्हणून आणखी एक. सगळ्यांत साखर. चहा सोडा असं सांगून कोण ऐकणार? साखर अर्धी सांगा, आणि शेवटचा कप संध्याकाळी पाचच्या आत. कॅफिन अर्धं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. दहाच्या चहाने एक तास अभ्यास वाढतो आणि दोन तास झोप जाते. मेसच्या ताटात भाताची एक वाढ कमी करून उसळ दुप्पट मागून घ्या.

आणि ते टेन्शन?

‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणणाऱ्यांना हात जोडून नमस्कार. जागा पाचशे आणि अर्ज लाखांत असले तर टेन्शन येणारच. ते शून्यावर आणायचं नाही, त्याला दिवसातून दोनदा उतरायला वाट द्यायची.

मला पर्वतीच्या टेकडीने वाचवलं. १०३ पायऱ्या, सकाळी साडेसहाला, फोन रूमवर ठेवून. खाली आल्यावर घामट चेहरा लगेच धुवायचा. संध्याकाळी पाच मिनिटं श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. आणि झोपण्याआधी डोक्यात घोळणाऱ्या सगळ्या काळज्या कागदावर, पुढे एकेकीचं उद्याचं काम. ‘बाबांना काय सांगू’ याच्यापुढे काही लिहिता यायचं नाही, ते कोरंच ठेवायचे. याने मुरूम बरे होतात असा दावा नाही. झोप लागायची आणि नखं शांत असायची, एवढं नक्की.

मुरमांमुळे वर्गात जाणं टाळावंसं वाटतं, घरी व्हिडिओ कॉलवर कॅमेरा बंद ठेवला जातो, रडू येतं, असं दोन आठवडे चाललं तर १४४१६ वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. सरकारी, मोफत, मराठीत बोलता येतं. घरच्यांच्या ‘अगं, चेहऱ्याला काय झालं’वर माझं ठरलेलं उत्तर होतं: ‘औषध चालू आहे, तीन महिने लागतील. आई, भाजी काय केलीस आज?’

डॉक्टरकडे कधी

खोल गाठी, खड्डे पडायला लागणं, पंचविशीनंतर एकाएकी सुरू झालेले मुरूम, किंवा तीन महिने नेमाने औषध लावूनही फरक नसणं. सरकारी रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढला की काम होतं. दारावर ‘त्वचा व गुप्तरोग विभाग’ अशी पाटी असते, म्हणून मुलं-मुली बाहेरूनच परततात. आत निम्मे लोक मुरूम आणि नायटा घेऊन बसलेले असतात, बिनधास्त जा. हट्टी मुरमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायच्या. गरोदरपणात त्यांनी बाळाला गंभीर व्यंग येऊ शकतं, आणि मन खचल्यासारखं वाटलं तर तेही डॉक्टरांना सांगायचं असतं.

राहिली मुलाखतीच्या आदल्या दिवशी उगवणारी टपोरी गाठ. ती उगवतेच. नवं काही लावू नका, बर्फ धरा. दोन-तीन दिवस हातात असतील तर त्वचारोगतज्ज्ञ गाठीतच औषधाचं अगदी छोटं इंजेक्शन देऊन ती बसवू शकतात. द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, तोवर तुम्ही नखं कापून ठेवा.