नॅकच्या फाईली मुलांना खोटं बोलायला न लावता कशा करायच्या

हे लिहायचं कारण आधी सांगते. मी पूर्वी ज्या कॉलेजात होते तिथे नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) पीअर टीम, म्हणजे तपासणीला येणारी बाहेरच्या तज्ज्ञांची टीम, यायच्या पंधरा दिवस आधी मुलींना लायब्ररीत बसवून जुन्या कार्यक्रमांच्या हजेरीवर सह्या घेणं चालू होतं, आणि एक एफवायची मुलगी पेन हातात धरून मला म्हणाली, "मॅडम, या तारखेला मी इथे नव्हतेच, बारावीला होते." मी तिला म्हटलं, मग तू नको करू, पण बाकीचा कागद तसाच भरला गेला, एकाच निळ्या पेनाने, वरपासून खालपर्यंत. तो कागद अजून डोळ्यासमोरून जात नाही. आपण त्याच मुलींना परीक्षेत कॉपी करू नका म्हणून सांगतो.

त्यामुळे ज्यांच्याकडे नवीनच क्रायटेरिया पाच (नॅकचा विद्यार्थी साहाय्य आणि प्रगतीचा निकष) किंवा आयक्यूएसीचं (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं) काम आलंय त्यांनी सगळ्यात आधी एक सवय लावून घ्या, ज्या दिवशीचा कार्यक्रम त्याच दिवशी त्याचा कागद. नोटीस काढताना ऑफिसातून जावक क्रमांक घ्यायचा, सूचना वही घेऊन शिपाईमामा वर्गावर्गात फिरून आले की त्या पानाचा फोटो काढून ठेवायचा, हजेरी कार्यक्रम चालू असतानाच फिरवायची आणि जिओटॅगवाले दोन-तीन फोटो (त्यात फलक आणि मुलं दोन्ही दिसली पाहिजेत, नुसता सत्काराचा नको), मग घरी जायच्या आधी अर्ध्या पानाचा अहवाल. वीस मिनिटं लागतात हो. एसएसआरमध्ये (कॉलेजने नॅकला द्यायच्या स्वयं-अध्ययन अहवालात) पाच वर्षांचा डेटा मागतात आणि पाच वर्षांपूर्वीच्या वृक्षारोपणाला कोण कोण होतं हे कुणालाच आठवत नाही, तिथूनच खोटं सुरू होतं. मुद्दाम लबाडी करायची म्हणून फार कमी लोक करतात, बहुतेक ठिकाणी वेळेवर कागद झालेला नसतो एवढंच.

हजेरीत ४२ मुलं असतील तर ४२ च लिहा. आकडा वाढवला की तो कुठेतरी अडकतोच, कारण एसएसआर भरल्यावर डीव्हीव्हीवाले (नॅकसाठी आकडे पडताळणारे) एकेका आकड्याचा पुरावा मागतात आणि तेव्हा तुमचा एक्यूएआर (दरवर्षीचा गुणवत्ता अहवाल) एक सांगतो, एसएसआर दुसरंच सांगतो. दरवर्षीच्या एक्यूएआरची प्रत समोर ठेवूनच एसएसआर भरा.

मेंटॉर-मेंटीचं म्हणाल तर ती पूर्वीची पालक-शिक्षक योजनाच आहे, म्हणजे ठरावीक मुलांकडे एका शिक्षकाने पालकासारखं लक्ष द्यायचं. बऱ्याच जणांच्या डायरीत प्रत्येक मुलापुढे "अभ्यासाबाबत मार्गदर्शन केले" असं एकच वाक्य असतं, ते वाचून कुणालाही कळतं. माझ्या वहीत एका मुलापुढे लिहिलंय, सकाळची एसटी बंद झाली म्हणून पहिला तास बुडतोय, प्रॅक्टिकलची बॅच बदलून दिली. बास, एवढंच. पण घरातली भांडणं, आजारपण, फीचे प्रॉब्लेम असलं काही मुलीने विश्वासाने सांगितलं असेल तर ते या वहीत अजिबात लिहू नका, कारण ही वही टेबलावर मांडली जाते आणि कुणीही चाळतं. तसंच महाडीबीटीच्या स्कॉलरशिपच्या याद्या किंवा नोकरीची ऑफर लेटर अपलोड करताना आधार नंबर, बँक खातं, मोबाईल झाकायचे आणि मुलाला आधी फोन करून विचारायचं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी विचारायला हवं होतं, माहिती त्याची आहे.

आता सगळ्यात नाजूक भाग, विद्यार्थी समाधान सर्वेक्षण म्हणजे एसएसएस. आपण मुलांची यादी ईमेलसकट देतो, नॅक त्यांना थेट प्रश्नावली पाठवतं, २१ प्रश्न, शेवटच्यात सूचना लिहायच्या असतात. कॉलेजला १० टक्के किंवा १०० मुलं, यातलं जे कमी असेल तेवढे प्रतिसाद लागतात. इथे मुलांच्या नावाने ईमेल काढून कॉलेजनेच उत्तरं भरायची असले सल्ले मिळतात, ते देणारा कितीही सीनियर असो, ऐकू नका. खरी अडचण वेगळीच असते, मुलांनी ॲडमिशनच्या वेळी दिलेला ईमेल नेटकॅफेवाल्याने काढून दिलेला असतो आणि पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येक वर्गात एक तास घ्या, सगळ्यांना एक साधा मेल पाठवा आणि तिथल्या तिथे उत्तर द्यायला सांगा, ज्याचा येत नाही त्याचा ईमेल बदलून घ्या. सर्वेक्षण काय आहे ते समजावून सांगा, पण कुठला पर्याय निवडायचा ते सांगू नका, आणि मुलं भरत असताना मागे उभं राहू नका.

पीजीच्या डिसर्टेशनलाही (प्रबंधिकेलाही) हीच तारखेची सवय उपयोगी पडते. यूजीसीचे २०१८ चे वाङ्मयचौर्याचे नियम आहेत, त्यात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० असेल तर सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यायचं, ४० ते ६० ला एक वर्ष थांबावं लागतं आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश वगैरे यात धरत नाहीत. पण मुलाला शेवटच्या आठवड्यात रिपोर्ट दाखवून घाबरवण्यात काय अर्थ आहे, त्यापेक्षा पहिलं प्रकरण आलं की त्यावर तारीख टाकून हाताने शेरे द्या, दुसऱ्या मसुद्यावर परत द्या, आणि ते सगळे मसुदे एका फाईलमध्ये ठेवा. तीन मसुदे डोळ्याखालून गेलेले असले की चौथ्यात अचानक आलेली परकी भाषा लगेच कळते, सॉफ्टवेअर लागत नाही.

आणि एखाद्या वर्षीचा पुरावा खरंच नसेल तर तिथे शून्य लिहा. प्राचार्यांना अवघड वाटेल, मीटिंगमध्ये आवाज चढतील, मी ते ऐकलंय. तेव्हा एवढंच विचारा की डीव्हीव्हीने मूळ कागद मागितला तर सही कोण करणार. मी विचारलं तेव्हा खोलीत कुणीच बोललं नाही आणि त्या रकान्यात शून्य गेलं.