मचाणावर बसणार आहात? मग आधी अंगाच्या वासाचं पाहा

बुद्ध पौर्णिमेला पेंच, बोर नाहीतर उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात पाणवठ्यावर येणारी जनावरं पाहायला मचाणावर रात्र काढायला जाऊन राहिले असाल तर लेन्सच्या आधी वाऱ्याचा विचार करा भाऊ, सांबर तुम्हाला पाहायच्या आधी हुंगते.

तिकडे अमेरिकेत एल्कची, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाची, शिकार करणारे लोक सगळ्यात जास्त डोकं यातच लावतात. आपल्याकडे शिकारीवर १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे आणि ती असायलाच पाहिजे, पण एल्क अन् सांबर एकाच कुळातले, म्हणून त्या शिकाऱ्यांची वाऱ्याची अक्कल आपल्याला नुसतं पाहायलाही कामी येते.

वास पूर्ण घालवता येत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. तो कुठं जाऊन राहिला तेवढं समजलं पाहिजे. दिवसा जमीन तापते, हवा वर चढते, तुमचा वासही वर जातो. सूर्य बुडाला की उतारावरची हवा थंड होऊन जड होते आणि नाल्यानाल्यानं खाली वाहते, आणि पाणवठा बहुतेक खालीच असतो! म्हणजे दुपारी चार वाजता जो वारा पाहिला तो आठ वाजता राहत नाही. छोट्या डबीत चाळलेली राख ठेवा, चिमूटभर सोडा, कुठं वाहते ते पाहा. मी काटेसावरीचा कापूस नेतो, एक तंतू सोडला की दूरपर्यंत तरंगताना दिसतो, राख लगेच दिसेनाशी होते. मचाण आपल्या मर्जीचं मिळत नाही, पण वारा पाण्याकडे जाऊन राहिला असेल तर जेवणाचा डबा, खर्रा (तंबाखू-सुपारीचा), बाम काहीच उघडायचं नाही.

खर्ऱ्याचं मुद्दाम सांगतो. एकदा चांदण्यात सांबराची मादी पाण्यापासून वीसेक पावलांवर आली होती, बाजूच्यानं पन्नी उघडली, आवाज म्हणावा असा झालाच नाही, पण दोनेक मिनिटांत तिनं नाक वर केलं, पुढचा पाय आपटला, शेपटी उभी, ‘ढाँक’ करून गेली ती सकाळपर्यंत आली नाही. मे महिन्याची तहान होती तिला, ते मला अजून लागून आहे.

कपडे दोन दिवस आधी रिठ्याच्या पाण्यात धुवा, पावडर-कंफर्ट नको, सावलीत वाळवा आणि डांबरगोळ्यांच्या कपाटात तर बिलकुल ठेवू नका. घडी करून वेगळ्या पिशवीत न्या आणि गेटवर पोचल्यावरच घाला, नाहीतर नागपूरच्या सीताबर्डीपासूनचा पेट्रोलचा धूर सोबत येतो. आंघोळ साध्या पाण्यानं. डिओ, तेल, अत्तर काही नाही. ताज्या घामाला फारसा वास नसतो, तो अंगावर राहून जिवाणूंनी नासला की येतो, म्हणून ओला पंचा ठेवा, दर दोन तासांनी मान अन् काखा पुसा, पंचा झाकणाच्या डब्यात टाका. मच्छरांसाठी क्रीमऐवजी पूर्ण बाह्या अन् मोजे.

आदल्या दिवशी सावजी जेवण टाळा, लसूण घामातून येतो. सोबत पोळी, गूळ, शेंगदाणे. संत्रं नको, साल सोलली की वास लांब जातो. लघवीला घट्ट झाकणाची बाटली, मचाणाखाली नाही.

आणि सांबर थबकलं, नाक वर केलं पण पाय आपटला नाही, तर अजून त्याचं ठरलेलं नसतं. तेव्हा कॅमेरासुद्धा उचलू नका, तसंच बसा, बरेचदा ते परत मान खाली घालते अन् एकेक पाऊल टाकत पाण्याला येते.