चिप नाही, आधी फायबर बघा: पोलरायझेशनच्या या चुका टाळा

सकाळी आउटपुट पॉवर मस्त, दुपारी पडलेली, की लोक लगेच सिलिकॉन फोटोनिक्सच्या (प्रकाशावर चालणाऱ्या) चिपला शिव्या घालतात, पण बऱ्याचदा घोळ असतो टेबलावर लोंबकळणाऱ्या फायबरचा. साधा सिंगल मोड फायबर पोलरायझेशन (प्रकाशाच्या कंपनाची दिशा) टिकवतच नाही, जरा वाकला, तापला, कोणाचा धक्का लागला की बदललं. आणि मुंबईत एसीशिवाय लॅब चालत नाही, तेव्हा पॅडल (फायबर पिळून पोलरायझेशन बदलणाऱ्या चकत्या) सेट करण्याआधी एसीचा झोत थेट फायबरवर येतोय का बघा, फायबर टेपने चिकटवा आणि मग पॅडलशिवाय कशालाही हात लावू नका.

चिपवर दोन पोलरायझेशन असतात, टीई (आडवं) आणि टीएम (उभं). 220 नॅनोमीटर जाड आणि 500 रुंद सिलिकॉन वेव्हगाइडमध्ये (चिपवरची प्रकाशाची वाट) 1550 नॅनोमीटर तरंगलांबीला टीईचा इफेक्टिव्ह इंडेक्स (प्रकाश तिथे किती मंदावतो त्याचं माप) 2.4 च्या आसपास, टीएमचा 1.8 च्या आसपास, म्हणजे टीईसाठी काढलेलं सर्किट टीएमसाठी वेगळंच सर्किट असतं.

आता खरी फसवी चूक. फायबरमधला प्रकाश चिपमध्ये घ्यायला ग्रेटिंग कपलर (चिपच्या वरून, बारीक रेघांतून) असेल तर तो स्वतःच बहुतेक एकच पोलरायझेशन घेतो, त्यामुळे पॅडल फिरवून पॉवर मॅक्स केली की झालं, पण तीच सवय एज कपलरवर (चिपच्या कडेतून) चालवली की फसलात, कारण तिथून दोन्ही आत जातात आणि मॅक्स पॉवर म्हणजे शुद्ध टीई असं काही नसतं. सरळ चिपवरच्या एका रिंगचा (गोल वेव्हगाइडचा) स्पेक्ट्रम काढा, वेगवेगळ्या अंतराच्या डिप्सच्या (पॉवरमधल्या खड्ड्यांच्या) दोन रांगा दिसल्या तर बहुधा टीएम मिसळलाय, ती नको असलेली रांग गायब होईपर्यंत पॅडल फिरवा. कंटाळवाणं आहे, पण पुढचे सगळे आकडे यावरच उभे आहेत.

पीएम (पोलरायझेशन टिकवणारा) फायबर घेतला म्हणून निर्धास्त होऊ नका, लाइट ॲक्सिसला तिरका शिरला तर तोही काही टिकवत नाही.

टेपरवाला (हळूहळू रुंदी बदलणारा) रोटेटर, म्हणजे चिपवर टीएमचं टीई करणारा भाग, काढताना वर-खाली दोन्हीकडे सारखाच ऑक्साइड आणि कडा सरळ उभ्या ठेवल्या तर टीएमचं रूपांतर होतच नाही, वर-खाली काहीतरी फरक लागतोच, अर्धवट एच (सिलिकॉन पूर्ण न कोरणं) किंवा वर वेगळा थर. नाहीतर टेपर कितीही लांब करा, विरार फास्टमध्ये बसून कल्याणची वाट बघण्यासारखं आहे.

चिपवरचा हीटर (वेव्हगाइड तापवून प्रकाशाची फेज बदलणारा) वापरून पोलरायझेशन कंट्रोल करताय? फेज व्होल्टेजच्या वर्गावर चालते, म्हणून स्वीप (पायरीपायरीने वाढवत मोजणं) व्होल्टेजऐवजी पॉवरमध्ये घ्या. आणि हीटर मर्यादेला टेकला की रिसेट करावा लागतो, त्या क्षणी सिग्नल हलतो, म्हणून एखादी जास्तीची हीटरची स्टेज डिझाइनमध्येच ठेवा, नंतर कोडमध्ये जुगाड करून ते फारसं सुटत नाही.