रोबोटिक्सच्या संघाला कबड्डीच्या संघाइतकं मिळवून द्यायचं तर

मी परळच्या एका शाळेत पीटी शिकवतो. कबड्डीचा संघ माझ्याकडे होताच, आता रोबोटिक्सचाही आहे, म्हणजे स्वतः बांधलेले रोबोट सामन्यात उतरवणाऱ्या मुलांचा. त्यामुळे ‘रोबोटिक्स हा खेळ आहे का हो सर?’ हे मला दोन्हीकडचे पालक विचारतात. माझं म्हणणं सरळ आहे. खेळाचा शिक्का मागत बसू नका, खेळाडूला जे मिळतं ते शाळेकडे अर्ज करून मागा.

‘घाम कुठे येतो?’ हा वाद स्टाफरूममध्ये होणारच. बुद्धिबळ आणि कॅरम शालेय क्रीडा स्पर्धांत आहेत, एवढं सांगून चहा घ्या. ई-स्पोर्ट्सचं नाव मात्र काढू नका. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ते क्रीडा मंत्रालयाकडे दिलं हे खरं, पण विश्वस्तांच्या कानावर ते ‘मोबाइल गेम’ म्हणूनच पडतं आणि विषय तिथेच संपतो. दाखला द्यायचाच तर अमेरिकेतल्या मिनेसोटाचा द्या. तिथे शाळांच्या क्रीडा स्पर्धा भरवणारी संघटनाच २०१२ पासून रोबोटिक्सची राज्य स्पर्धा घेते.

मग शिक्का का नको? खेळ म्हटलं की कोणीतरी हमखास म्हणणार, ‘मग यांना मैदानाचा तास कशाला?’ रोबोट धावला म्हणून पोरगं धावलं असं होत नाही. माझ्या रोबोटिक्सच्या मुलांनाही पीटीच्या तासाला मैदानात उतरावंच लागतं, आणि ही अट मी मुख्याध्यापकांना द्यायच्या अर्जातच घालतो.

सवलतीच्या गुणांचंही अर्जात लिहू नका. ते शासनाच्या हातात आहे, मुख्याध्यापकांच्या नाही. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा स्वतःला खेळ न म्हणवता दहावीला वाढीव गुण मिळवून देते. कधी वर मागणी गेलीच, तर ती त्या वाटेने जावी.

अर्जात मागायचं ते असं. स्पर्धेच्या दिवशी मुलं शाळेच्या कामावर आहेत म्हणून हजेरी लागावी. शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा हॉल आणि एक कपाट मिळावं. एक जबाबदार शिक्षक नेमावा आणि त्याच्या वेळापत्रकात त्याला तेवढी मोकळीक असावी. बक्षीस समारंभात कबड्डीच्या पोरांबरोबरच यांचीही नावं पुकारावीत. आणि प्रवासखर्च. यावर अडून राहा. फर्स्ट टेक चॅलेंज या शालेय मुलांच्या रोबोटिक्स स्पर्धेच्या नियमानुसार रोबोट सामन्याच्या सुरुवातीला अठरा इंचांच्या चौकोनी खोक्यात बसायला हवा. तेवढं धूड, वर हत्यारांची पेटी, हे सकाळी आठच्या लोकलमध्ये चढवून दाखवा म्हणावं. टॅक्सीचे पैसे लागतातच. सुटे भाग लॅमिंग्टन रोडवरून आणाल तेव्हा पक्कं बिल शाळेच्या नावाने घ्या, नाहीतर हिशेबनीस ते परत करतात.

अर्जाआधी एक सामना दाखवा. प्रदर्शन नको, सामना. प्रदर्शनात मुलं टेबलामागे उभी राहून पाठ केलेलं बोलतात आणि पाहुणे ‘छान छान’ म्हणत पुढे सरकतात. हॉलमध्ये खडूने मैदान आखा, घड्याळ लावा. अडीच मिनिटांचा सामना, त्यात पहिली तीस सेकंदं रोबोटला हात लावायचा नाही, रिमोटही नाही, जो प्रोग्राम आधी लिहिलाय त्यावरच तो चालणार. एका बाजूला दोन संघ, समोर दोन. शाळेत चार रोबोट नसतील तर एकास एक खेळवा. पंचाची शिट्टी कबड्डीच्या कप्तानाला द्या. मुख्याध्यापकांना पहिल्या रांगेत बसवा. रोबोट मध्येच बंद पडला आणि चालवणारी मुलगी शांतपणे जोडीदाराला ‘तू पुढे जा, मी अडवते’ म्हणाली, की वेगळं काही पटवून द्यावं लागत नाही.

संघनिवडही उघड करा. चालवणारे, बांधणारे, प्रोग्राम लिहिणारे आणि राखीव अशी यादी फळ्यावर लावा. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तोच संघात, असं होऊ देऊ नका.

हे सगळं जूनमध्ये, वार्षिक नियोजन कागदावर उतरण्याआधी. दिवाळीनंतर गेलात तर ‘पुढच्या वर्षी बघू’ ऐकायला मिळेल. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक पडल्याशिवाय ऑफिसातून हलू नका.