सायडरसाठी सफरचंदं घेताना या चुका टाळा

इंदूरच्या चोइथराम मंडीत सफरचंदाच्या पेट्या उतरू लागल्या की आमच्या रामबागेत दोन-तीन घरी तरी सायडर होतं. आंबवलेलं नव्हे, ताजा, गढूळ रस, फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवायचा. तक्रार दरवर्षी एकच: "गोड झालंय, पण पाणचट लागतं."

कारण पेटीतच असतं. सगळं रॉयल! रॉयल डेलिशस देखणं नि गोड, पण आंबटपणा बेताचा. कापून खायला छान, रसाला एकटं पुरत नाही. इंग्लंडात ब्रिस्टलजवळच्या लाँग ॲश्टन फळ-संशोधन केंद्राने १९०३ मध्येच सायडरच्या सफरचंदांचे चार गट पाडले: गोड, आंबट, कडवट-गोड, कडवट-आंबट. आम्ल ०.४५ टक्क्यांच्या वर गेलं की आंबट, टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) ०.२ टक्क्यांच्या वर गेलं की कडवट. तिथेही बहुतेक सायडर मिसळूनच करतात. आपल्याकडे कडवट जाती मिळत नाहीत, म्हणून मी दोन किलो रॉयलला एक किलो गोल्डन आणि एक किलो हिरवं ग्रॅनी स्मिथ घेते. ते महाग वाटलं तर लिंबू पिळा. तुरटपणासाठी आवळ्याची एक लहान फोड सफरचंदाबरोबरच वाटा. आवळ्यात टॅनिन भरपूर असतं, आणि ही युक्ती मला फार आवडते.

दुसरी चूक, स्वस्त मिळतात म्हणून पिठूळ सफरचंदं उचलणं. अंगठ्याने दाबल्यावर खळगा पडला तर परत ठेवून द्या. त्यांचा गर कापडातून रसाबरोबरच उतरतो, गाळताना हात दुखतात आणि हाती लापशी येते.

सडका भाग कापून उरलेलं वापरू नका, हे मी कळकळीने सांगते. निळ्या बुरशीमुळे पॅट्युलिन नावाचं विष तयार होतं, ते आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या गरातही उतरतं आणि उकळूनही पुरतं जात नाही. असं फळ अख्खंच टाका.

कच्चं की पिकलं कळत नसेल तर आडवं कापून टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. काळंनिळं झालं तर आत स्टार्च आहे, साखर अजून व्हायची आहे. आठवडाभर थांबा. तपासलेली फोड मात्र फेकून द्या.

चकचकीत विदेशी फळावर मेण असतं. कोमट पाण्यात ब्रशने घासा. मिक्सरमध्ये घालण्याआधी बिया काढाच, वाटल्या गेल्या की कडू उतरतात आणि त्या पोटालाही चांगल्या नाहीत. गाळलेला रस ७१ अंशांच्या थोडा वर तापवून गार करा. लिंबू त्यानंतर, चाखत-चाखत.